आधी पाणी, मग तेजाब

ग्रे कापड डाईंगला टाकताना आपण मीटरचा दर विचारतो, रंग पक्का आहे का ते विचारतो, डिलिव्हरीची तारीख दोन-दोनदा विचारतो. पण त्याच कापडाच्या टाकीत तेजाब कोण घालतो, कसे घालतो, त्याच्या डोळ्यांवर चष्मा असतो की नसतो, हे आपल्यापैकी कोणी विचारत नाही. तो डाईंगवाल्याचा प्रश्न, आपला नाही, असे आपण धरून चालतो. आमच्या मते हे बरोबर नाही. कसे ते सांगण्यासाठी आणि तेजाब पातळ करण्याची योग्य रीत आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवण्यासाठी हा लेख.

तेजाबाचा आणि आपल्या धंद्यांचा संबंध किती जवळचा आहे, ते आधी पाहू. सुती कापड कॉस्टिक सोड्यात उकळले, ब्लीच केले किंवा मर्सराईज केले की त्यात अल्कली उरते. ती मारण्यासाठी कापड हलक्या ॲसिडच्या पाण्यातून काढतात. कारखान्यात त्याला सावरिंग म्हणतात. नॅफ्थॉलच्या रंगाईत बेस तयार करताना हायड्रोक्लोरिक लागते. इंडिगोसोलचा रंग उठवायला सल्फ्युरिक लागते. लोकरीत अडकलेली काडी, गवत, बी जाळून काढायलाही सल्फ्युरिकच. कापडाच्या बाहेर पाहिले तर बॅटरी दुरुस्त करणारे, सोने गाळणारे, पितळ उजळणारे, मुलामा देणारे, हे सगळे तेजाबावर काम करतात. यांत आपल्या बिरादरीचे हात किती आहेत, ते कोणत्याही पॉवरलूमच्या गावात किंवा मुंबईच्या कारागीर मोहल्ल्यात एक फेरी मारली की दिसते.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे ॲसिड हा शब्द नंतर आला, तेजाब आधी. तेज म्हणजे तीक्ष्ण आणि आब म्हणजे पाणी. फारसीने या वस्तूला तीक्ष्ण पाणी असे नाव दिले. सल्फ्युरिक म्हणजे गंधक का तेजाब, नायट्रिक म्हणजे शोरे का तेजाब आणि हायड्रोक्लोरिक म्हणजे नमक का तेजाब. मराठीतही गंधकाम्ल म्हणतातच. हे जुने शब्द आम्हाला फार शहाणे वाटतात, कारण कोणते तेजाब कशापासून निघते ते नावातच सांगितले आहे. मात्र ‘आब’ या शब्दाने एक घोटाळाही होतो. दिसायला ते पाण्यासारखेच असते, म्हणून नवा पोरगा त्याला पाण्यासारखेच वागवतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करून घेतले होते. तेजाब पाण्यात घालायचे, पाणी तेजाबात कधीच घालायचे नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत हाच नियम आहे आणि सायन्सच्या प्रत्येक मुलाला तो येतो. पण कारखान्यात जो बादली उचलतो तो बहुधा सायन्सला गेलेला नसतो. त्याला कोणी नियम सांगितला तरी कारण सांगत नाही, आणि कारण न कळलेला नियम घाईच्या वेळी टिकत नाही. म्हणून कारण जरा तपशिलाने सांगतो.

पाणी तेजाबावर का ओतू नये

बाजारातले तीव्र सल्फ्युरिक 98 टक्क्यांचे असते. ते पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन-दोनपट जड; एक लिटर भरले तर वजन 1.84 किलो. पाण्याशी मिळताना ते प्रचंड उष्णता सोडते. भरपूर पाण्यात एक किलो तेजाब मिसळले तर सुटणारी उष्णता दोन लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी असते. ही उष्णता टाळता येत नाही. ती कुठे जाईल, एवढेच आपल्या हातात आहे.

समजा टाकीत 45 लिटर पाणी आहे आणि आपण त्यात पाच किलो सल्फ्युरिक हळूहळू सोडले. जड असल्याने तेजाब खाली उतरते, वाटेत मिसळते, आणि उष्णता साऱ्या पाण्यात वाटली जाते. एकंदर पाणी सुमारे वीस अंशांनी गरम होईल. टाकीला बाहेरून हात लावला तर कोमट-गरम लागेल, बस.

आता उलटे करा. पाच किलो तेजाब बादलीत आहे आणि वरून आपण एक लिटर पाणी ओतले. पाणी हलके, ते वरच तरंगते. जिथे पाणी तेजाबाला टेकते त्या पातळ थरातच सारी उष्णता एकदम निघते. ती घ्यायला तिथे पाणीच थोडे असते. तिथले तापमान शंभराच्या पुष्कळ वर जाते आणि पाण्याची क्षणात वाफ होते. तीव्र सल्फ्युरिक स्वतः तीनशे अंशांच्या पुढे उकळते, म्हणून ते वाफ होऊन जात नाही. वाफ त्याला उडवते, आणि उडालेले थेंब गरम असतात, तीव्र असतात आणि वाकून पाहणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीला असतात. गरम कढईतल्या तेलात पाण्याचे चार थेंब पडले की काय होते, ते घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. इथेही तेच होते, फक्त कढईत तेलाच्या जागी तेजाब असते.

हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक पाण्यात मिसळताना एवढी आग काढत नाहीत. त्यामुळे काही जुने कारागीर म्हणतात की त्यांना कसेही चालते. आमचा त्यांना एवढाच सवाल आहे की चार कॅन शेजारी उभे असताना हाताला दोन वेगवेगळ्या सवयी कशाला लावायच्या? तिन्ही तेजाबांना एकच नियम असू द्या.

आता हा नियम रोज का मोडतो ते पाहा. आपल्या घरच्या सगळ्या सवयी उलट्या आहेत. सरबत करताना आधी ग्लासात सरबत, मग पाणी. पिठात पाणी, सिमेंटमध्ये पाणी, चुनकळीवर पाणी. जे घट्ट किंवा तीव्र आहे ते आधी भांड्यात आणि पाणी वरून, असाच हात बसलेला असतो. त्यात कारखान्याची मांडणी. कॅन एका कोपऱ्यात, नळ दुसऱ्या टोकाला. पोरगा कॅनमधून बादलीत तेजाब घेतो आणि बादली उचलून नळाखाली नेतो. नळ सोडला की नियम मोडलाच.

आमच्या ओळखीच्या एका डाईंग हाऊसात, नाव सांगत नाही, हे अगदी असेच झाले. मुलगा एकोणीस वर्षांचा. सावरिंगची टाकी भरायची घाई होती, कारण ट्रक दारात उभा होता. त्याने बादलीत चारेक लिटर सल्फ्युरिक काढले आणि नळ सोडला. नळाजवळ दुसरा मुलगा होता म्हणून त्याला ताबडतोब धुतले, नाहीतर दोन्ही डोळे गेले असते. डाव्या डोळ्याने त्याला आता फक्त उजेड कळतो. त्या दिवशी टाकीत जायचा माल आमच्यासारख्याच एका व्यापाऱ्याचा होता आणि सकाळपासून तीन फोन त्यानेच केले होते. माल वेळेवर निघाला. मुलगा गावी गेला. त्याच्या जागी चौथ्या दिवशी दुसरा आला आणि त्यालाही कोणी काही सांगितले नाही.

एकाच माणसाने करायचे काम

प्रयोगशाळेत रीत अशी असते. समजा एक मोलर सल्फ्युरिक एक लिटर करायचे आहे. तीव्र सल्फ्युरिक सुमारे 18 मोलर असते, म्हणजे तेजाब लागेल 55-56 मिलिलिटर. आधी बीकरमध्ये अर्ध्या लिटरहून अधिक डिस्टिल्ड पाणी घेतात आणि तो बीकर थंड पाण्याच्या भांड्यात उभा करतात. मापलेले तेजाब काचेच्या कांडीवरून बारीक धारेने सोडतात, ढवळतात, थांबतात, पुन्हा सोडतात. पूर्ण थंड झाल्यावरच ते मापाच्या फ्लास्कमध्ये ओतून खुणेपर्यंत पाणी भरतात, कारण गरम द्रव फुगलेला असतो आणि माप चुकते. शेवटी बाटलीवर नाव, तीव्रता आणि तारीख लिहितात.

शेवटचे ते थोडेसे वरून घातलेले पाणी पाहून सायन्सची मुले विचारतात, हे कसे चालते? चालते, कारण तोपर्यंत तेजाब पातळ झालेले असते. बॅटरीत डिस्टिल्ड पाणी वरून घालतात तेही यामुळेच चालते. बॅटरीतले ॲसिड आधीच पातळ असते, ग्रॅव्हिटी 1.250 ते 1.280 च्या आसपास. धोका तीव्र तेजाबावर पाणी घालण्यात आहे. बॅटरीवाल्या बांधवांना आमचे सांगणे असे की तीव्र ॲसिड आणून दुकानात पातळ करण्यापेक्षा तयार बॅटरी ॲसिड विकत घ्या. चार पैसे जास्त जातील, पण कढई पेटवण्याचे कामच उरणार नाही.

डाईंगमध्ये हाच विचार पुढे नेता येतो. सावरिंगला लागते किती? शंभर लिटर पाण्यात अर्धा टक्का सल्फ्युरिक करायचे तर 98 टक्क्यांचे तेजाब लागेल सुमारे 277 मिलिलिटर, म्हणजे पाव लिटरहून थोडे अधिक. एवढ्यासाठी दिवसातून दहा वेळा दहा हातांनी तीव्र तेजाबाचा कॅन कशाला वाकवायचा? आमच्या पाहण्यात जिथे काम नीट चालते तिथे एकच जाणता माणूस आठवड्यातून एकदा दहा टक्क्यांचा साठा करून ठेवतो. बाकीचे सगळे त्या पातळ साठ्यातून मापाने घेतात. तीव्र कॅनला कुलूप.

हिशेब सोपा आहे. हवे असलेले वजन गुणिले हवी असलेली टक्केवारी, भागिले हातातल्या तेजाबाची टक्केवारी. पन्नास किलो साठा दहा टक्क्यांचा हवा, तर 50 गुणिले 10 भागिले 98, म्हणजे 5.1 किलो तेजाब. मापात ते पावणेतीन लिटरच्या किंचित वर. पाणी 44.9 किलो, ते आधी टाकीत. मग शंभर लिटरच्या अर्धा टक्क्याच्या टाकीला या साठ्यातले पाच किलो घातले की झाले. लक्षात ठेवायचे ते एवढेच की कॅनवरची टक्केवारी वजनावर असते. मगाने मापून वजन समजणारा माणूस सल्फ्युरिक जवळजवळ दुप्पट घालून बसेल.

साठा करताना टाकी जाड एचडीपीईची असावी आणि पाणी आधी भरलेले असावे. कॅन खांद्यावर उचलून ओतू नये. ॲसिडसाठी असलेला हातपंप मिळतो, तो वापरावा. नळीला तोंड लावून ओढण्याची जी खोड आहे तिच्याबद्दल काय लिहावे! डिझेल ओढतात तसे तेजाब ओढणारे आम्ही पाहिले आहेत. धार बारीक, सोबत प्लास्टिकच्या लांब दांड्याने ढवळणे, आणि मध्येमध्ये टाकीला बाहेरून हात लावून पाहणे. टाकी चांगली गरम लागली तर थांबावे, चहा घेऊन यावे, मग पुढे. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा, वर चेहऱ्याची ढाल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, रबरी किंवा प्लास्टिकचा ॲप्रन, गमबूट आणि पँट बुटाच्या बाहेर. बुटात खोचलेली पँट म्हणजे बुटात तेजाब जायला पन्हळ.

कारागिरांनी सुती हातमोजे घालू नयेत हे कापडवाल्याने सांगायला हवे, कारण सुताचे आणि तेजाबाचे वैर आपल्याइतके कोणाला ठाऊक नाही. लोकर तेजाब सोसते, सूत सोसत नाही. कॉस्टिकचे नेमके उलटे. म्हणूनच तर लोकरीतली काडी तेजाबाने जळते आणि लोकर उरते.

भांड्याबाबत एक गोष्ट पुष्कळांना चकवते. तीव्र सल्फ्युरिक लोखंडाच्या टँकरमधून येते, तेव्हा लोखंडी बादली चालेल असे वाटते. तीव्र असताना लोखंडावर एक थर बसतो आणि तो लोखंडाला वाचवतो. पातळ केले की तेच तेजाब लोखंड खाऊ लागते आणि हायड्रोजन वायू निघतो, जो ठिणगीने पेटतो. म्हणजे या बाबतीत पातळ तेजाब तीव्रापेक्षा वाईट. हायड्रोक्लोरिकला तर कोणतेही लोखंड नको. साधी काचेची बाटली उष्णतेने तडकते, म्हणून प्रयोगशाळेत बोरोसिलिकेट काच वापरतात.

शेजारी काय ठेवले आहे

डाईंग हाऊसात तेजाबाइतकाच धोका त्याच्या शेजाऱ्यांचा असतो. ब्लीचिंगचे हायपो आणि तेजाब एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. दोन्ही एकाच कारखान्यात, बहुतेक वेळा एकाच भिंतीला टेकून, आणि दोन्हींचे कॅन दिसायला एकसारखे. काळ्या सल्फर रंगासाठी सोडियम सल्फाईड लागते. त्यावर तेजाब पडले तर हायड्रोजन सल्फाईड निघतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होते आणि माणसाला वाटते वायू गेला. मग तो कोसळतो. म्हणून सल्फर रंगाचे पाणी आणि सावरिंगचे पाणी एकाच गटारात एकाच वेळी सोडू नये. गटारात काय मिसळते हा प्रश्न किती गंभीर आहे, ते 6 जानेवारी 2022 रोजी सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत दिसले. एका टँकरमधले रासायनिक पाणी नाल्यात सोडले गेले, विषारी वायू पसरला आणि सहा कामगारांचा जीव गेला. ते कामगार कापडाच्याच मिलमधले होते. टँकरशी त्यांचा काही संबंध नव्हता.

नायट्रिक वापरणाऱ्या सोनार आणि पितळकाम करणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द वेगळे. तांब्या-पितळेवर नायट्रिक पडले की तपकिरी-लाल धूर निघतो. तो छातीत गेला तर त्या वेळी थोडा खोकला येतो आणि बरे वाटते. कारागीर घरी जातो, जेवतो, झोपतो. रात्री कित्येक तासांनी फुप्फुसात पाणी भरते. असा धूर घेतलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी त्याच दिवशी इस्पितळात नेले पाहिजे आणि डॉक्टरांना नायट्रिकचा धूर घेतला हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सांडलेले नायट्रिक लाकडाच्या भुशाने किंवा गोणपाटाने टिपू नये, ते पेटते. कोरडी वाळू टाकावी आणि मग सोडा ॲश थोडा थोडा.

अंगावर उडाले तर पाणी, आणि भरपूर पाणी. निदान पंधरा-वीस मिनिटे, घड्याळ लावून. भिजलेले कपडे ताबडतोब काढायचे. इथे लाजायचे नाही. डोळ्यांत गेले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढाच वेळ धुवायचे आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे. अंगावर किंवा डोळ्यांत सोडा, चुना, दूध, हळद काहीही टाकायचे नाही. तेजाब आणि सोडा मिळताना पुन्हा उष्णता निघते, तीही जखमेवरच. पोटात गेले तर उलटी करवायची नाही, कारण जाताना जाळलेली नळी येताना पुन्हा जळते. हे सगळे करायला नळ जवळ हवा. तेजाबाच्या जागेपासून दहा पावलांत, आणि त्याच्यापुढे माल न रचलेला.

कायद्याचेही थोडे पाहावे. ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये विक्रीवर बंधने घातली. दुकानदाराने खरेदीदाराचे नाव, पत्ता, प्रमाण आणि कारण नोंदवायचे, सरकारी ओळखपत्र पाहायचे, अठरा वर्षांखालील कोणाला विकायचे नाही. साठा जाहीर केला नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड. कॉलेज, प्रयोगशाळा, इस्पितळे यांनाही वापराचे रजिस्टर आणि जबाबदार माणूस ठेवण्याचे आदेश त्याच वेळी झाले. आपल्या डाईंगवाल्यानेही असे रजिस्टर ठेवले तर कुलूप आणि किल्ली कोणाकडे, हे आपोआप ठरते.

आता व्यापाऱ्याच्या खिशाची गोष्ट. अंदाजाने तेजाब घालणारा माणूस फक्त स्वतःला जाळत नाही, आपला मालही जाळतो. कापडात उरलेले हलके सल्फ्युरिक उडून जात नाही. पाणी वाळते, तेजाब मागे राहते आणि तीव्र होत जाते. कापड गोदामात चांगले दिसते, दोन महिन्यांनी घडीवर बोट दाबले की फाटते. गिऱ्हाईक सुताला दोष देते, आपण लूमवाल्याला देतो. ओल्या कापडाला पीएचचा कागद लावायला अर्धे मिनिट लागते. सुती माल आम्ही आता त्याशिवाय घेत नाही. काही डाईंगवाले सल्फ्युरिकऐवजी ॲसेटिक वापरतात. ते वाळताना उडून जाते, कापडाला सौम्य आहे, महाग आहे. पण तीव्र ॲसेटिकही कातडी जाळते आणि आग पकडते, तेव्हा ते निर्धोक समजू नये.

गेल्या वर्षीपासून जॉब वर्कच्या चिठ्ठीवर आम्ही दराखाली तीन ओळी लिहून देतो: तेजाबाचा साठा एकच माणूस करील, टाकीत पाणी आधी असेल, आणि घाईचा फोन आमच्याकडून येणार नाही. आम्ही ज्यांना काम देतो त्या तिघा डाईंगवाल्यांपैकी एकाने नळ हलवून तेजाबाच्या जागेजवळ घेतला आणि खर्चाचे निम्मे आमच्याकडून मागितले, आम्ही दिले. दुसऱ्याने चष्मे आणले, ते खिळ्याला टांगलेले असतात, पण साठा करणारा माणूस तरी घालतो. तिसऱ्याने चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. त्याच्याकडे आमचे चार हजार मीटर पॉपलिन पडून आहे. ते निघाले की पुढचे बोलू.